रुमाल कुठाय तुमचा?

नोव्हेंबर 1945, संध्याकाळचे सहा. उत्तर लंडनमधल्या इस्लिंग्टनच्या एका थिएटरबाहेर तुम्ही रांगेत उभे आहात. लढाई संपून जेमतेम तीन महिने झालेत. रस्त्यावरचे दिवे पुन्हा लागायला लागलेत, पण त्यांचा उजेड धुक्यात दोन पावलांपलीकडे जात नाही. शेजारी एक घर होतं, तिथे आता विटांचा ढीग आणि तळघराचा उघडा खड्डा आहे. तुमच्या पुढचा तरुण नुकताच फौजेतून सुटून आलाय. सुटताना सरकारनं दिलेला सूट अंगावर आहे, खांदे जरा सैल, घड्या अजून मोडलेल्या नाहीत. मागे दोन बायका साबणाच्या कूपनांचा हिशेब करताहेत. साबण, साखर, चहा, लोणी, मटण, कपडा, सगळं मोजून मिळतंय. आणि सगळी रांग खोकतेय.

एक शिलिंग नऊ पेन्स खिडकीतून आत सरकवा आणि चला. इथे खेळाची वेळ पाळायची गरज नाही, दुपारपासून रात्रीपर्यंत खेळ सलग चालतो. लोक मध्येच येतात, आपण जिथून बघायला सुरुवात केली ती जागा पुन्हा आली की उठून जातात. बॅटरी घेतलेली मुलगी तुम्हाला अंधारातून पुढे नेते. पायांवर पाय, चार ठिकाणी 'सॉरी', आणि बसायला मिळतं. पुढच्या खुर्चीच्या पाठीला राखेची डबी लावलेली आहे. प्रोजेक्टरचा झोत धुरातून जाताना निळा दिसतो. ओल्या लोकरीचा, तंबाखूचा आणि माणसांचा मिळून एक जाडसर वास आहे. हॉल गच्च भरलाय आणि खिडकी एकही नाही. तुमच्या आजूबाजूला चाळीसेक माणसं दर मिनिटाला एकमेकांचा श्वास घेताहेत, हे ध्यानात ठेवा. पडद्यावर जे येणार आहे ते याच हवेबद्दल आहे.

बातमीपट संपतो. मुख्य चित्रपट लागण्याआधी पडद्यावर आरोग्य मंत्रालयाचं नाव येतं. सूटवाला तरुण खुर्चीत खाली घसरतो आणि सुस्कारा टाकतो. सहा वर्षं सरकार त्याला काय करायचं ते सांगत आलंय: दिवे झाका, बोलू नका, वाया घालवू नका, बटाटे लावा. आता आणखी काय?

पडद्यावर एक माणूस येतो. गोल चेहरा, गोल पोट, डोळ्यांत बालवाडीतल्या मुलाचा निरागस गोंधळ. तो शिंकतो. हात तोंडाशी नाही, मान वळवलेली नाही. न दिसणारा एक निवेदक त्याला हटकतो, इकडे ये म्हणतो. गोल माणूस दचकून थेट तुमच्याकडे बघतो, जणू आकाशवाणी झाली. मग त्याची शिकवणी सुरू होते. रुमाल काढायचा, नाकातोंडावर धरायचा, मग शिंकायचं. सराव करायला शिंक तर हवी, म्हणून त्याच्यावर चक्क मिरपूड उडवली जाते. शिंक आधी येते आणि रुमाल नंतर. पुन्हा. परत चूक. पुन्हा. शेवटी जमतं, आणि तो शाबासकीची वाट बघत राहतो. तेवढ्यावर सुटका नाहीच: वापरलेला रुमाल जंतुनाशकाच्या भांड्यात बुडवायचा, हेही त्याच्याकडून करून घेतलं जातं. जंतू रुमालात पकडा, इतकाच निरोप. दीड मिनिटाच्या आसपास सगळं आटोपतं.

हॉल हसतोय. सूटवाला तरुण तर मोठ्यानं हसतोय. पुढच्या रांगेत कुणीतरी खरोखरच शिंकतं, आणि बाल्कनीतून आवाज येतो, "रुमाल कुठाय तुमचा?" पुन्हा हशा. पण त्या हशाच्या खाली आणखी एक गोष्ट घडते: तुमच्या शेजारच्या बाईंचा हात पर्समध्ये जातो आणि रुमाल काढून मांडीवर ठेवतो.

या फिल्मचं नाव 'कफ्स अँड स्नीझेस'. याच शब्दांच्या घोषणेची भित्तिपत्रकंही भिंतीभिंतींवर होती, आणि त्यातली काही एच. एम. बेटमन या नामांकित व्यंगचित्रकारानं काढलेली. सरकारी सूचनेत विनोद आणायचा हे शहाणपण ब्रिटिश सरकारला एका रात्रीत सुचलेलं नव्हतं. 1939 मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हाची पहिली भित्तिपत्रकं गंभीर होती, मुकुटाचं चिन्ह आणि खाली धीराचा उपदेश. लोकांना ती आवडली नाहीत, काहींना रागही आला. मग 1940 मध्ये फुगास या टोपणनावानं चित्रं काढणाऱ्या केनेथ बर्डनं फाजील बडबडीविरुद्धची मालिका केली. दोन बायका बसमध्ये गप्पा मारताहेत आणि मागच्या सीटवर हिटलर कान देऊन बसलाय, अशी ती चित्रं. लोक थांबून बघू लागले. हसवलं तर सरकारचं म्हणणं ऐकून घ्यायला माणूस आपणहून थांबतो, हा शोध लढाईच्या ऐन धामधुमीत लागला.

थिएटरवाल्यांचाही यात वाटा आहे. युद्धकाळात ब्रिटनमधल्या थिएटर-मालकांच्या संघटनेनं सरकारी लघुपटांसाठी प्रत्येक खेळात थोडा वेळ फुकट द्यायचं मान्य केलं. अन्न मंत्रालयाचे 'फूड फ्लॅश' तर बातमीपटाच्या शेवटी जोडूनच यायचे: अंड्याची भुकटी कशी वापरावी, कोबीचं पाणी फेकू नका, बटाटा सालासकट उकडा. काही सेकंदांत खेळ खलास. पण पोच बघा. 1946 या एका वर्षात ब्रिटनमध्ये सिनेमाची 163 कोटींहून जास्त तिकिटं विकली गेली, आणि देशाची लोकसंख्या पाच कोटींच्या आतबाहेर. बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत सरासरी काढली तरी माणशी तीसच्या वर खेळ होतात. टेलिव्हिजन तेव्हा नसल्यातच जमा होता. सरकारला सगळ्या देशाशी एकदम बोलायचं असेल तर हाच अंधार.

याच काळात मुंबईतल्या थिएटरात हे चित्र निराळं होतं, तेही इथेच सांगायला हवं. भारतात 1940 मध्ये फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड आलं, व्ही. शांताराम काही काळ त्याचे मुख्य निर्माते होते. 1943 मध्ये मंजूर झालेले सरकारी लघुपट दाखवणं थिएटरांना कायद्यानं बंधनकारक झालं. स्वातंत्र्यानंतर 1948 मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजन सुरू झालं आणि सक्तीची ती रीत पुढे चालू राहिली. आपल्यातल्या ज्यांनी मुख्य चित्रपटाआधी 'डॉक्युमेंटरी' बघितल्या आहेत, त्यांना तो भारदस्त आवाज अजून ऐकू येत असेल. धरणं, बियाणं, लशी, कुटुंबनियोजन, त्या आवाजानं आपल्याला खूप काही सांगितलं, आणि त्यातलं बरंच मोलाचं होतं. पण पडद्यावरचा शेतकरी किंवा कारकून त्या आवाजाकडे वळून "मलाच का?" असं क्वचितच विचारायचा. शिंकणारा तो गोल माणूस वळून बघतो, चिडतो, हुज्जत घालतो, हिरमुसतो. सगळा फरक तिथे आहे.

रिचर्ड मॅसिंगहॅम. गोल माणसाचं नाव हे, आणि फिल्म करणारा माणूसही हाच. त्याला भेटायला इस्लिंग्टनमध्येच राहा, वर्षं मात्र अकरा मागे न्या.

1934. लिव्हरपूल रोडवरचं लंडन फीव्हर हॉस्पिटल. व्हरांड्यातून कार्बोलिकचा वास येतोय. वॉर्डात घटसर्प आहे, स्कार्लेट फीव्हर आहे. पेनिसिलिन रुग्णांपर्यंत पोचायला अजून वर्षं लागणार आहेत, सल्फा औषधंही अजून हाताशी नाहीत. घटसर्पावरचा सीरम सोडला तर आत्ता डॉक्टरकडे वेगळं ठेवणं, शुश्रूषा आणि वाट बघणं, एवढंच मुख्यतः आहे. इथल्या वरिष्ठ डॉक्टरांपैकी एक म्हणजे छत्तीशीतला मॅसिंगहॅम. हवेतून जाणारा एक थेंब काय करू शकतो हे त्याला पुस्तकातून शिकायची गरज नाही, तो रोज त्याच्या खाटांमधून फिरतो.

आणि हा डॉक्टर स्वतःच्या खिशातले पैसे घालून, फावल्या वेळात, एक सिनेमा करतोय. फिल्मचं कसलंही शिक्षण नाही. सिनेमाचं नाव 'टेल मी इफ इट हर्ट्स'. विषय: दात दुखणारा माणूस दाताच्या डॉक्टरकडे जातो. बस्स. पण कॅमेरा कुठे ठेवलाय ते बघा. तो डॉक्टरच्या बाजूनं बघत नाही. तो खुर्चीत बसलेल्या, तोंड उघडं ठेवून काहीही बोलू न शकणाऱ्या माणसाच्या बाजूला आहे. प्रतीक्षागृहातला वेळ कसा लांबतो, यंत्राचा आवाज कसा मोठा होत जातो, भीती माणसाला किती लहान आणि किती हास्यास्पद करते, हे एका डॉक्टरनं रुग्णाच्या जागी बसून दाखवलंय. त्यात रसेल वॉटर्स नावाचा नट आहे, हा पुढे पुन्हा त्याच्यासोबत दिसेल. दोन वर्षांनी 'अँड सो टू वर्क' येतो: एक माणूस सकाळी उठून कामाला जायची धडपड करतो, एवढीच त्याची गोष्ट. पुढे वैद्यकी सोडून तो पूर्णवेळ फिल्म करायला लागतो, पब्लिक रिलेशनशिप फिल्म्स ही स्वतःची कंपनी काढतो, आणि लढाई सुरू झाल्यावर सरकारला नेमका असा माणूस हवा असतो.

मला वाटतं, त्याचं सगळं बळ त्या दाताच्या खुर्चीत आहे. रोगराईबद्दल हॉलमधल्या कुणाहीपेक्षा जास्त जाणणारा माणूस पडद्यावर काहीच न समजणाऱ्याची भूमिका घेतो. निवेदकाचा आवाज दुसऱ्याला देतो आणि ओरडा स्वतः खातो. बघणाऱ्याला कमीपणा वाटत नाही, कारण चूक करणारा तिथे आधीच एक जण आहे, आणि तो प्रत्यक्षात डॉक्टर आहे.

आता 1942. आंघोळ करायची आहे, पण आधी टबाकडे बघा. आतून, तळापासून पाच इंचांवर एक रेघ मारलेली आहे. पाणी तापवायला कोळसा लागतो, कोळसा कारखान्यांना हवाय, म्हणून पाणी रेघेपर्यंतच. राजेसाहेब सहावे जॉर्ज यांच्या बकिंगहॅम राजवाड्यातल्या टबांतही हीच रेघ आहे. पाच इंच पाणी म्हणजे गुडघे बाहेर, पोट बाहेर, पाठ थंडगार. त्यावर मॅसिंगहॅमनं 'द फाइव्ह इंच बेदर' केली. एवढ्याशा पाण्यात तो आपला भरभक्कम देह घेऊन उतरतो, आणि जणू समुद्रात शिरलाय अशा आनंदात डुंबतो. गैरसोय खरी आहे, ती तो नाकारत नाही. तिच्यात बसून मजा करता येते एवढं मात्र तो करून दाखवतो. पुढच्याच वर्षी 'इन विच वुई लिव्ह' येते. तिच्यात एक सूट स्वतःचं आत्मचरित्र सांगतो: आपण नवे होतो तेव्हाचे दिवस, मग झीज, मग कापून-उसवून-पालटून घरच्यांच्या अंगावर कसे जगत राहिलो ते. कपड्याची कूपनं संपलेल्या घरातल्या बाईला शिवणकामाचा धडा याहून प्रेमानं कुणी दिला नसेल.

फेब्रुवारी 1947 मध्ये मात्र फार वेळ थांबू नका, आजारी पडाल. जानेवारीच्या अखेरीपासून बर्फ पडतोय आणि थांबायचं नाव नाही. खाणीत कोळसा आहे पण रूळ गाडले गेलेत. घरातली वीज सकाळी नऊ ते बारा आणि दुपारी दोन ते चार बंद. ऑफिसांत मेणबत्त्या, बीबीसीचं टेलिव्हिजन बंद, कितीतरी साप्ताहिकं बंद. लढाई जिंकलेला हा देश आता पावही रेशनवर खातोय, जो ऐन लढाईतही मोकळा मिळत होता. लोकांच्या सहनशीलतेचा खरा कडेलोट आत्ता आहे. बाँबच्या वेळी शत्रू तरी समोर होता. आता रांगेत उभं राहून कुणावर चिडायचं? सरकारी फिल्म लागली की हॉलमध्ये आता हुर्यो होऊ शकते, आणि ती का होते हे समजतं. युद्धातलं माहिती मंत्रालय 1946 मध्ये बंद होऊन त्याच्या जागी सेंट्रल ऑफिस ऑफ इन्फर्मेशन आलंय, पण माणसं तीच, काम तेच. विजेच्या मीटरवर लक्ष ठेवा, रस्ता नीट ओलांडा, वेग आवरा, शिजवण्याआधी हात धुवा. मॅसिंगहॅम एकामागून एक फिल्म करतोय.

5 जुलै 1948 च्या थोडं आधी पुन्हा एकदा थिएटरात चला. आज पडद्यावर मॅसिंगहॅम नाही. त्या तारखेपासून ब्रिटनमध्ये प्रत्येकाला दवाखाना, इस्पितळ, दाताचा डॉक्टर, चष्मा, सगळं मोफत मिळणार आहे. हे काय प्रकरण आहे ते चार्ली नावाचा एक चितारलेला माणूस समजावून घेतोय. त्याचे निर्माते जॉन हलास आणि जॉय बॅचलर हे नवराबायको. हलास बुडापेस्टचा, परक्या भाषेतून या देशात आलेला. ब्रिटनमधल्या सर्वसामान्य माणसाचं व्यंगचित्र एका निर्वासितासारख्या नजरेनं काढलं गेलं, म्हणून बहुधा ते इतकं नेमकं उतरलंय. 'युअर व्हेरी गुड हेल्थ'मध्ये चार्ली सायकलवरून चाललाय आणि निवेदकाचा आवाज त्याला नवी योजना सांगतोय. चार्लीला ती लगेच पटत नाही. तो शंका काढतो, कुरकुरतो, पडलो तर काय म्हणून विचारतो. त्याचा शेजारी जॉर्ज जरा बऱ्या परिस्थितीतला, त्याला वाटतं आपल्याला याची काय गरज. मग आजारपणाचा खर्च त्याच्याही घरावर कसा कोसळू शकतो ते त्याच्या डोळ्यांसमोर उभं केलं जातं.

तुमच्या आजूबाजूला बसलेल्यांना हे निव्वळ मनोरंजन वाटत नाहीये. डॉक्टरची फी नाही म्हणून ताप अंगावर काढणारे, दात एकदम सगळे काढून कवळी बसवणारे, बाजारातल्या टोपलीतून अंदाजानं चष्मा उचलणारे लोक या हॉलमध्ये आहेत. कायदा संसदेत झाला, पत्रकं घरोघर गेली. पण "हे आपल्यासाठी आहे" ही खात्री कितीतरी जणांना त्या सायकलवाल्या चार्लीच्या तोंडून मिळाली असणार. कल्याणकारी राज्याची इतकी मोठी गोष्ट दहा मिनिटांच्या आत, हसवत, आणि बघणाऱ्याच्या शंकेला मान देऊन सांगणं, हे मला त्या काळातल्या सरकारी कामातलं फार उंच काम वाटतं.

यानंतरची फिल्म सर्वांत धाडसी आहे. नाव 'व्हॉट अ लाइफ!'. विषय कुठलीही सवय नाही. विषय आहे देशभर पसरलेला कंटाळा. दोन माणसं, एक मॅसिंगहॅम आणि दुसरा तोच जुना रसेल वॉटर्स. जिकडे जावं तिकडे रडगाणं, जिथे बघावं तिथे टंचाई. दोघं इतके वैतागतात की जीव द्यायचा ठरवून समुद्रावर जातात आणि होडी आत घालतात. उडी मारतात. पाणी खोल नसतंच, दोघं उभेच्या उभे! आणि त्या पाण्यात उभं राहून ते हसायला लागतात, पोट धरून, थांबता थांबेना असे.

हॉलमध्ये या क्षणी जे होतं ते 1945 च्या हशासारखं नाही. सुरुवातीला लोक जरा चपापतात. सरकारनं आपल्या मनातलं इतकं उघड ओळखलंय, हे त्यांना अपेक्षित नसतं. मग हसू फुटतं.

संसदेत मात्र या फिल्मवरून प्रश्न विचारले जातात. करदात्यांच्या पैशानं असला प्रकार कशासाठी? कागदावर बघितलं तर प्रश्न बिनतोड आहे. या फिल्ममुळे कोळसा वाचला नाही, शिंक थांबली नाही, एकही अपघात टळला म्हणून दाखवता येणार नाही. तरी मी मॅसिंगहॅमच्या बाजूचा आहे. जे सरकार लोकांकडून सलग दहा वर्षं सोसण्याची अपेक्षा करतं, त्यानं एकदा तरी "तुम्ही कंटाळला आहात हे आम्हाला दिसतंय" असं म्हणायलाच हवं. त्या सगळ्या सूचनापटांमध्ये ज्या एकातून काहीही करायला सांगितलेलं नाही, तो हाच.

पुढचा प्रवास झटपट आहे. 1952 मध्ये सरकारचं क्राउन फिल्म युनिट बंद होतं. 1953 च्या फेब्रुवारीत मिठाईवरचं रेशन उठतं, पोरं दुकानांपुढे झुंबड करतात. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मॅसिंगहॅम जातो, वय फक्त 55. वीस वर्षं ओलांडून 1973 मध्ये उतरलात तर सूचनापट दिवाणखान्यातल्या टीव्हीवर आलेले दिसतील, आणि त्यांचा सूर बदललेला असेल. खोल डबक्यांजवळ खेळणाऱ्या मुलांसाठीच्या 'लोनली वॉटर'मध्ये पाण्याकाठी एक झगा घातलेली आकृती उभी आहे आणि डॉनल्ड प्लेझन्सच्या गार आवाजात बोलतेय. त्या पिढीतली मुलं मोठेपणीही तिच्या आठवणीनं शहारतात. भीतीनं मुलं वाचली असतील, तर त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मोठ्या माणसांशी बोलायला मला मॅसिंगहॅमची रीत पसंत आहे.

त्याच्या बऱ्याच फिल्म ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या संग्रहात जपल्या गेल्या आहेत आणि बघायला मिळतात. बहुतेक जण शिंकेपासून सुरुवात करतात. तुम्ही आधी दाताची खुर्ची बघा, 1934 ची. पडद्यावर तोंड उघडून बसलेल्या त्या माणसाकडे एका डॉक्टरनं कुठल्या बाजूनं बघितलंय ते कळलं, की मग मिरपुडीनं बेजार झालेला गोल माणूस बघताना वेगळंच हसू येईल.